पेढीच्या नावाची किल्ली

कृष्णाकाठच्या वाईला यात्रेकरू आणि प्रवासी येतात ते घाट व देवळे पाहण्यासाठी. ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे, क्षणभर नदीकाठी बसावे आणि पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वरची वाट धरावी, असा बहुतेकांचा परिपाठ. गावात वस्ती करून राहणाऱ्यांना मात्र वाईच्या आणखी दोन ओळखी ठाऊक असतात. एक ग्रंथांची आणि दुसरी बाजारपेठेची. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच. त्या पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथलेच. आणि त्यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोशही येथलाच. दुसरीकडे हळद, किराणा, कापड, भांडी आणि सराफी यांची पेठ. तिच्यात आपल्या समाजाची कुटुंबे वहीखात्याच्या शिस्तीवर आणि दिलेल्या शब्दावर उभी राहिली.

ज्ञान नीट मांडून ठेवणे आणि व्यवहार नीट लिहून ठेवणे, या वाईच्या दोन जुन्या विद्या. संकेतस्थळ घडवण्याची विद्या नवी म्हणून ओळखली जाते. परंतु तिच्या अंतरंगात डोकावले, तर या दोन्ही विद्या तेथे एकत्र नांदताना दिसतात. म्हणूनच व्यापारी कुटुंबाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू कोणाला संगणक-अभियंता करण्याचा नाही. प्रत्येक पेढीमागच्या घरात निदान एका व्यक्तीला या विद्येची मूलतत्त्वे कळावीत, एवढीच अपेक्षा आहे. ती का कळावीत, याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

विश्वकोशाने दाखवलेली वाट

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि मालिका पुढे वीस खंडांपर्यंत पोचली. जाडजूड बांधणीचे हे खंड ग्रंथालयांच्या कपाटांत मानाने विराजमान झाले. परंतु ज्याच्या गावी ग्रंथालय नाही, त्याला ते दूरच राहिले. २०११ मध्ये विश्वकोश संकेतस्थळावर आला, तेव्हा हे अंतर मिटले. आज खेड्यातील विद्यार्थी किंवा परदेशातील मराठी गृहिणी भ्रमणध्वनीवर ‘जैन धर्म’ असे टंकित करते आणि वाईत सिद्ध झालेली नोंद क्षणार्धात तिच्यासमोर येते. पुढे विषयवार ज्ञानमंडळे स्थापन होऊन नव्या नोंदींची भरही संकेतस्थळावर पडू लागली. छापील खंडात दुरुस्ती करायची, तर नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. संकेतस्थळावरील नोंद मात्र जेव्हा सुधारली, तेव्हाच सुधारलेली दिसते.

विश्वकोशाची कोणतीही नोंद उघडून पाहा. आरंभी ठळक शीर्षक असते, मग लहानशी व्याख्या, नंतर उपशीर्षकांनी विभागलेला विस्तार, योग्य ठिकाणी चित्र वा नकाशा, शेवटी संदर्भग्रंथ आणि लेखकाचे नाव. मजकुरात मध्येच एखाद्या शब्दापूर्वी बाण दिसतो. त्याचा अर्थ असा की, या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहावी. हा बाण छापील पानावरचा. संकेतस्थळावर त्याचेच काम दुवा करतो. बोटाने स्पर्श केला की ती दुसरी नोंद उघडते. संगणक कार्यालयात आला नव्हता, त्या काळात संपादकांनी केलेली ही आखणी आणि आजच्या संकेतस्थळाची आखणी यांत तत्त्वतः फरक नाही.

आपल्या पेढीवरही हेच चालत आले आहे. रोजमेळात दिवसाचा व्यवहार लिहावा, तेथून खतावणीत त्या त्या असामीच्या खात्यावर न्यावा आणि शेजारी पान क्रमांक टाकावा. रोजमेळातील नोंदीवरून खात्यावर आणि खात्यावरून पुन्हा मूळ नोंदीवर जाता येते, ते या पान क्रमांकामुळे. एक गोष्ट एकाच ठिकाणी पूर्ण लिहावी आणि इतरत्र तिच्याकडे बोट दाखवावे, हा जमाखर्चाचा नियम संकेतस्थळाचाही पहिला नियम आहे.

आराखडा आणि शृंगार

विश्वजाल, म्हणजे ‘वर्ल्ड वाइड वेब’, जन्माला आले ते अशाच एका गरजेतून. जिनिव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये एक प्रस्ताव मांडला. निरनिराळ्या देशांतून आलेल्या संशोधकांची टिपणे निरनिराळ्या संगणकांत विखुरलेली होती. ती एकमेकांशी दुव्यांनी जोडावीत, अशी ती कल्पना होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही संपूर्ण रचना कोणतेही मूल्य न घेता सर्वांसाठी खुली केली. शास्त्रदानाची थोरवी ज्या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, त्या समाजाला या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. तो निर्णय झाला नसता, तर आज प्रत्येक पानामागे कोणाला तरी कर द्यावा लागला असता.

संकेतस्थळाचे पान तीन गोष्टींनी घडते. पहिली एचटीएमएल. ही पानाच्या आराखड्याची भाषा. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र, हा दुवा, असे ती संगणकाला सांगते. दुसरी सीएसएस. ही शृंगाराची भाषा. अक्षराचा आकार, रंग, दोन ओळींतील अंतर, समास, चौकट यांचा निर्णय ती करते. तिसरी जावास्क्रिप्ट. ती पानाला हालचाल आणि हिशेब शिकवते. ग्राहकाने किलोचा आकडा बदलला की एकूण रक्कम आपोआप बदलावी, हे तिचे काम. सीएसएसचे पहिले प्रमाणरूप १९९६ मध्ये निश्चित झाले. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत प्रथम रचली.

नवशिक्याची गल्लत बहुधा पहिल्या दोन भाषांत होते. ती टाळण्यासाठी आपल्याच ज्ञानभांडाराकडे पाहावे. कल्पसूत्राच्या काही पोथ्या साध्या काळ्या शाईने लिहिलेल्या आढळतात, तर काही सोन्याच्या शाईने लिहून चित्रांनी सजवलेल्या. दोहोंतील सूत्रपाठ एकच. वाचक पाठ ऐकतो तेव्हा शाई कोणती होती, याने अर्थात भेद होत नाही. एचटीएमएल म्हणजे तो पाठ आणि सीएसएस म्हणजे ती शाई. लेखनकार आधी पाठ शुद्ध करून घेत आणि मग हिंगुळाच्या लाल रंगाने अध्यायसमाप्ती व अंक उठावदार करीत. संकेतस्थळ घडवतानाही क्रम हाच ठेवावा. आधी मजकूर आणि त्याची विभागणी पक्की करावी. रंगसंगतीचा विचार त्यानंतर. बहुतेक घरांतून याच्या उलट होते. पार्श्वभूमीला केशरी रंग की निळा, यावर चार दिवस चर्चा चालते आणि दुकान किती वाजता उघडते, हे लिहायचेच राहून जाते.

आरंभ करण्यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. संगणकावर असलेले नोटपॅड पुरेसे आहे. कोऱ्या पानावर शीर्षकाची खूण करून पेढीचे नाव लिहावे, परिच्छेदाची खूण करून दोन ओळींचा परिचय द्यावा, यादीची खूण करून मालाची नावे लिहावीत आणि ती धारिका ‘इंडेक्स’ या नावाने, एचटीएमएल हा प्रत्यय लावून जतन करावी. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ब्राउझरमध्ये पान उघडते. त्या वेळी आंतरजालाची जोडणीही लागत नाही. ते पान ओबडधोबड दिसेल. परंतु ते आपले असेल आणि त्यातील प्रत्येक ओळ तेथे का आहे, हे आपल्याला सांगता येईल. यानंतर एक गोष्ट आवर्जून शिकावी. पान भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर नीट दिसले पाहिजे, कारण ग्राहक ते बहुधा तेथेच पाहतो. मालाचे छायाचित्र भ्रमणध्वनीने काढले की ते चार-पाच मेगाबाइटचे होते. ते लहान करून एक-दोनशे किलोबाइटवर आणले नाही, तर पान उघडेपर्यंत ग्राहक पुढच्या दुकानात गेलेला असतो. प्रत्येक चित्रासोबत त्याचे वर्णन शब्दांतही द्यावे. अंध व्यक्तीचा संगणक हे वर्णन तिला वाचून दाखवतो. दुकानाची पायरी सर्वांना चढता यावी, असाच हा विचार आहे.

लिपीचा प्रश्न

मराठी व्यापाऱ्याला येथे एक अडचण हमखास भेटते. दरपत्रके, वेष्टने आणि लग्नपत्रिका आपण वर्षानुवर्षे मुद्रणालयातून करून घेतल्या. तेथील मजकूर अनेकदा जुन्या पद्धतीच्या टंकांत असतो. त्या पद्धतीत संगणक आतून इंग्रजी अक्षरेच साठवतो. फक्त त्यांना मराठी अक्षरांचे रूप दिलेले असते. असा मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन घोळका उमटतो.

यावर उपाय युनिकोडचा. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला या पद्धतीने स्वतंत्र अनुक्रमांक दिला आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरी तीत समाविष्ट आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आणि मराठीला प्रिय असलेल्या ‘ळ’चा २३५५. टंक कोणताही वापरा, संगणक कोणत्याही देशातील असो, ‘ळ’ हा ‘ळ’च राहतो. विश्वकोशातील नोंद आज शोधता येते, ती युनिकोडमुळेच. म्हणून पान जतन करताना ‘यूटीएफ-आठ’ हा पर्याय निवडावा आणि पानाच्या आरंभी तशी नोंदही करावी. पानाची भाषा मराठी आहे, अशी आणखी एक नोंद करता येते. ती केली की योग्य टंकात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात आणि वाचून दाखवणारी यंत्रणाही मराठी उच्चाराकडे वळते.

काही मंडळी या साऱ्यातून सुटका म्हणून दरपत्रकाचे छायाचित्रच संकेतस्थळावर लावतात. डोळ्यांना ते ठीक दिसते. शोधयंत्राला मात्र चित्रातील अक्षरांचा भरवसा नसतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता दूरच्या शहरातील ग्राहक या वस्तू नावाने शोधतो. आपल्या पानावर ‘सांगलीची हळद’ हे शब्द अक्षररूपात नसतील, तर गोदामात माल असूनही त्या ग्राहकाच्या लेखी आपण अस्तित्वातच नसतो.

नाव, जागा आणि किल्ली

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दुकानाला जशी जागा लागते आणि दारावर पाटी लागते, तशा संकेतस्थळालाही या दोन गोष्टी लागतात. जागा म्हणजे सदैव चालू असणाऱ्या संगणकावर भाड्याने घेतलेला कप्पा, ज्याला होस्टिंग म्हणतात. पाटी म्हणजे संकेतनाम, अर्थात डोमेन. ते दरवर्षी किंवा काही वर्षांसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा प्रत्यय लावून संपूर्ण संकेतनाम देवनागरीतही नोंदवता येते.

जागा बदलता येते. आज एका कंपनीकडे असलेला मजकूर उद्या दुसरीकडे नेला, तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. पाटी मात्र गेली की सारेच गेले. आणि नेमकी येथेच अनेक पेढ्यांकडून ढिलाई होते. संकेतस्थळ करून देणारा कारागीर ओळखीचा असतो, मोबदला वाजवी असतो, काम झटपट होते. संकेतनाम मात्र तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. कित्येकदा ती केवळ सोय असते. काही वर्षांनी तो गाव सोडतो, व्यवसाय बदलतो किंवा पैशांवरून मतभेद होतात. नूतनीकरणाची सूचना त्याच्या ई-मेलवर जाते. पेढीला ती कळत नाही. मुदत टळते आणि आजोबांनी कमावलेले नाव दुसऱ्याच कोणाच्या हाती जाते. वेष्टनांवर छापलेला पत्ता, ग्राहकांच्या स्मरणात बसलेले नाव, व्यापारी पत्रव्यवहाराचा ई-मेल, हे सारे त्या एका नोंदीला बांधलेले असते.

दुकानाचा भाडेकरार किंवा खरेदीखत आपण कधी मुनीमजींच्या नावे करीत नाही. मग ते कितीही विश्वासू असोत. संकेतनामाच्या बाबतीत तोच विवेक ठेवावा. नोंदणी पेढीच्या वा मालकाच्या नावे असावी. तिच्याशी जोडलेला ई-मेल आणि दूरध्वनी घरचा असावा. परवलीचा शब्द दोघांना ठाऊक असावा आणि तो तिजोरीत लिहून ठेवलेला असावा. नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याप्रमाणे वहीत टिपलेली असावी. संकेतनाम एका नोंदणीकाराकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी एक गुप्त संकेतांक मिळतो. तो मागण्याचा अधिकार नोंदणीधारकाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीची खूण हवी. तिच्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या ना-नफा उपक्रमाकडून विनामूल्य मिळते. त्याच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम मागितली, तर दोन प्रश्न विचारावेत.

अनेकांचा आक्षेप असा असतो की, आज व्हॉट्सअ‍ॅप आहे, इन्स्टाग्राम आहे, मग स्वतंत्र संकेतस्थळाची आवश्यकता काय? ही माध्यमे जरूर वापरावीत. परंतु ती दुसऱ्याच्या बाजारातील पथारी आहे, हे विसरू नये. बाजाराचा मालक नियम बदलतो, खाते बंद करतो, गल्ल्या फिरवतो. आपल्याला तेथे दाद मागायला फारशी जागा नसते. जत्रेत पथारी जरूर मांडावी, पण गावात पेढी असावी. काहींना वर्डप्रेससारख्या तयार प्रणालीवर संकेतस्थळ उभारणे सोयीचे वाटते. २००३ पासून उपलब्ध असलेली ही मुक्त प्रणाली उत्तमच आहे. मात्र तिच्या आत चालते ते एचटीएमएल आणि सीएसएसच. मूलतत्त्वे ठाऊक असली की कारागिराशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते, त्याचे काम तपासता येते आणि त्याच्या कौशल्याची योग्य कदरही करता येते. हिशेब समजणारा मालकच चांगल्या मुनीमजींचे मोल जाणतो.

सत्य आणि अचौर्य

गृहस्थाची पाच अणुव्रते संकेतस्थळालाही लागू पडतात, हे थोड्या विचाराने पटेल. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून मालाचे छायाचित्र उचलणे ही आज इतकी सर्वसाधारण गोष्ट झाली आहे की, ती चोरी आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. अचौर्य व्रताला मात्र पडद्यावरची वस्तू आणि मांडणीवरची वस्तू यांत भेद करता येणार नाही. कायद्यानेही छायाचित्रावर ते काढणाऱ्याचा हक्क असतो. स्वतःच्या मालाचे, स्वतःच्या दुकानात, दिवसाच्या उजेडात काढलेले साधे छायाचित्र अधिक विश्वासार्ह असते.

तेच सत्याचे. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ असे खोटे फलक, ग्राहकाच्या नावाने स्वतःच लिहिलेली प्रशस्ती, अखेरच्या टप्प्यावर हळूच वाढवलेली रक्कम, या क्लृप्त्या नव्या बाजारात सर्रास चालतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी आंतरजालावर विक्री करणाऱ्यावर बंधने घातली आहेत. खोटे अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, एकूण किंमत, परतीचे नियम आणि तक्रार कोणाकडे करावी, ही माहिती द्यावी लागते. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा परवान्याकडेही लक्ष द्यावे लागते. परंतु कायदा ही खालची पायरी झाली. ज्या पेढीवर तागडीचा काटा ग्राहकासमोर धरण्याची रीत आहे, तिच्या संकेतस्थळावरही काटा समोरच दिसला पाहिजे.

अपरिग्रहाचाही येथे विचार करावा. ग्राहकाकडून नाव, पत्ता, दूरध्वनी घ्यावा लागतो. परंतु जन्मतारीख, विवाहाचा वाढदिवस, कुटुंबातील व्यक्ती अशी विनाकारण माहिती गोळा करण्याचा मोह आवरावा. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. जे साठवले, त्याचे रक्षण करावे लागते. गरजेपुरतेच घ्यावे, हे सूत्र आपल्याला कोणी नव्याने शिकवावे लागू नये.

शिकावे कोणी आणि कसे

नव्या साधनाविषयी संकोच असणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रे छापावीत की नाहीत, यावरून जैन समाजात तीव्र वाद झाले. छापखान्यात ग्रंथांची आशातना होईल, हे भय अप्रामाणिक नव्हते. तरीही सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक काढले आणि समाजाशी छापील मराठीतून संवाद आरंभला. आज छापील ग्रंथ नाही, असे श्रावकाचे घर सापडणे कठीण. एवढेच नव्हे, तर जैन ई-लायब्ररीसारख्या उपक्रमांमुळे हजारो ग्रंथ घरबसल्या वाचता येतात. साधन बदलले, ज्ञानाचा विनय राखण्याची जबाबदारी तशीच राहिली.

शिकण्याचे वय कोणते, हा प्रश्नही अनेक घरांत निघतो. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रूढ केला. कामाचे हात आणि शिकण्याची बुद्धी एकाच माणसाची असावी, हा त्या मार्गाचा गाभा. दुकान सांभाळत शिकणाऱ्या तरुणाला किंवा घर सांभाळून हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंना तो आजही तितकाच उपयुक्त आहे. किंबहुना आमच्या मते हे काम घरातील स्त्रीकडे अधिक शोभते. मालाची नावे, त्यांचे उपयोग, टिकवण्याच्या रीती आणि ग्राहक भगिनी कोणते प्रश्न विचारतात, हे तिला पुरुषांपेक्षा नेमके माहीत असते. आणि संकेतस्थळावर उत्तरे त्या प्रश्नांचीच द्यायची असतात. मात्र काम तिच्याकडे सोपवायचे, तर किल्लीही तिच्याकडे सोपवावी. नोंदणीत तिचे नाव आणि निर्णयात तिचा शब्द असावा.

चातुर्मास हा आपल्याकडे स्वाध्यायाचा काळ. याच चार महिन्यांत सामायिकाइतकाच, म्हणजे दोन घटकांचा किंवा ४८ मिनिटांचा, वेळ रोज या अभ्यासाला वेगळा काढला, तरी पाया पक्का होतो. पहिल्या महिन्यात एचटीएमएलच्या पंधरा-वीस खुणा आत्मसात कराव्यात आणि पेढीची माहिती तीन पानांत मांडावी : परिचय, माल आणि संपर्क. दुसऱ्या महिन्यात सीएसएस. त्यात रंग दोनच ठेवावेत आणि अक्षर आजोबांना चष्म्याने वाचता येईल एवढे मोठे असावे. तिसऱ्या महिन्यात युनिकोड टंकलेखन, छायाचित्रे आणि भ्रमणध्वनीवरील मांडणी. चौथ्या महिन्यात संकेतनामाची नोंदणी, जागेची निवड आणि पाने प्रत्यक्ष चढवणे. जावास्क्रिप्टची घाई नको. पहिले वर्ष तिच्यावाचून अडत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे अनेक पाठ मराठी आवाजातही विनामूल्य ऐकता येतात. दोन-तीन घरांनी मिळून शिकले, तर अधिक चांगले. एकाचे अडले की दुसरा सोडवतो. पाठशाळेच्या खोलीत आठवड्यातून एकदा असा अभ्यासवर्ग भरवणे कोणत्याही संघाला कठीण नाही. पहिला सामुदायिक प्रकल्प म्हणून गावच्या मंदिराचा इतिहास, साधुसाध्वींच्या चातुर्मासांची नोंद आणि पाठशाळेचे वेळापत्रक यांचे पान करावे. चुका तेथेच होऊन जातील आणि पेढीचे पान करताना हात बसलेला असेल.

कार्तिक शुद्ध पंचमी ही श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून, झटकून, त्यांना नव्याने वेष्टन घालून ज्ञानाची पूजा होते. दिगंबर परंपरेत हाच भाव ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या श्रुतपंचमीला प्रकट होतो. व्यापाऱ्यांच्या पंचांगात मात्र कार्तिकातील तीच तिथी लाभपंचमी म्हणूनही ओळखली जाते. दिवाळीनंतर कितीतरी पेढ्यांचा मुहूर्त त्याच दिवशी होतो. ज्ञान आणि लाभ यांना एकच तिथी देणाऱ्या पूर्वजांच्या मनात निश्चित काही विचार असावा. येत्या पंचमीला नव्या वहीवर स्वस्तिक काढताना तिच्या पहिल्याच पानावर तीन ओळी लिहून ठेवाव्यात : पेढीचे संकेतनाम काय, ते कोणाच्या नावे नोंदलेले आहे आणि त्याची मुदत कधी संपते. ज्या घरात या तीन ओळी कोणालाही न विचारता लिहिता येतील, त्या घरात ही विद्या रुजली, असे खुशाल समजावे.

जय जिनेंद्र.